बाई मिस्त्री

आमच्या घरात तोंडाआधी हात चालायचा. बाप मायला मारायचा, माय मला मारायची, आणि माझ्या खाली कुणी नसल्याने मी शाळेत जाऊन दुसऱ्या पोरींच्या झिंज्या उपटायची. याची लाज कुणालाच वाटत नव्हती. लातूरकडच्या मुरुडजवळच्या आमच्या वस्तीत ज्या घरातून रडण्याचा आवाज येत नसे, त्या घरचे लोक गावाला गेले असतील असं आम्ही धरून चालायचो.

बाप मिस्त्री, म्हणजे गवंडी. माय त्याच्या हाताखाली बिगारी. ती डोक्यावर घमेलं घेऊन दिवसभर शिडी चढायची आणि तो वर बसून विटा लावायचा. बाईने माल वाहायचा आणि पुरुषाने थापी धरायची, हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडला तर दात पडायचे.

तो त्र्याण्णवच्या भूकंपाने मोडला. अख्खी गावं नव्याने बांधायची होती आणि मिस्त्री पुरेनात. पुनर्वसनाच्या एका कॉलनीवर दोघं कामाला लागले, तिथल्या इंजिनिअर साहेबांनी बायांनाच विटा लावायला शिकवलं. माय महिनाभरात तयार झाली. इतकी वर्षं खाली उभी राहून ती दुसरं काय बघत होती? एकदा साहेबांनी दोघांच्या भिंतींना ओळंबा लावला. मायची भिंत सरळ निघाली, बापाची बोटभर कलली होती. साहेबांनी ती सगळ्यांसमोर पाडायला लावली.

त्या संध्याकाळी बापाने मायच्या पोटात लाथ घातली. ती खाली बसली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "भित कललीच व्हती. मला मारून सरळ व्हईल का?" मग त्याने दुसरी लाथ घातली. सकाळी मात्र तिला कामावर जायला अडवलं नाही. मिस्त्रीची मजुरी बिगारीपेक्षा बरी होती.

गावं उभी राहिली आणि मग लातुरात क्लासेसचं पीक आलं. कुठकुठली पोरं डॉक्टर-इंजिनिअर व्हायला यायला लागली, त्यांच्यासाठी हॉस्टेलं उठायला लागली. बाप आधी गिलाव्याचे ठेके घेऊ लागला, मग अख्ख्या इमारतींचे. दारात मोटरसायकल आली. त्याने पहिलं काम केलं ते मायची थापी बंद करण्याचं. "ठेकेदाराची बायको परांचीवर चढती व्हय? लोक तोंडात शेण घालतेल." घरात पैसा आला की आधी बाई आत जाते, मग टीव्ही येतो. हे मी तेव्हापासून बघत आले आहे.

मी बारावीला गेले तेव्हा बापाने लातुरात एक खोली भाड्याने घेतली आणि माझ्या स्वयंपाकाला मायला पाठवलं. तेव्हा अशा कितीतरी आया पोरांपायी घरदार सोडून खोल्यांतून राहायच्या. माय पहाटे उठून माझा डबा करायची. मी क्लासला गेले की तिने दिवसभर काय करायचं, हा प्रश्न बापाला पडला नाही आणि मलाही पडला नाही. तिच्या नखांत सिमेंट दिसायचं. मी विचारलं नाही.

एके दिवशी क्लासच्या खिडकीतून समोरच्या हॉस्टेलचं बांधकाम दिसत होतं. परांचीवर एक बाई कासोटा घालून विटा लावत होती आणि खालून पुरुष तिला घमेली देत होते. माझ्या शेजारची पोरगी म्हणाली, "बघ गं, बाई मिस्त्री! नवऱ्याने टाकलेली असेल." सगळ्या हसल्या. मीही हसले. पाठमोरी होती तरी माझी माय मला ओळखू येणार नाही का?

क्लास सुटल्यावर मी एसटीडी बूथवर गेले आणि बापाला फोन लावला. "माय रूमवर नसते," एवढंच म्हणाले. मला फक्त ती त्या खिडकीसमोरून उतरायला हवी होती. बाप कसा उतरवतो हे मला माहीत नव्हतं असं मी आता म्हणू शकत नाही.

तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला. मी दप्तर घेऊन रस्त्यावर उभी होते. त्याने खालून हाक मारली. माय म्हणाली, "येवढा थर हू द्या, माल वाळून राहिला." तो वर चढला, अंबाडा धरून तिला ओढलं. तिने भिंत धरली. त्याने तिथलाच हातोडा उचलला आणि भिंतीवरच्या तिच्या उजव्या हातावर घातला. दोनदा. खालच्या बिगाऱ्यांपैकी एक म्हणाला, "नवरा-बायकोचं हाय, आपन कशाला पडावं?" कुणीच पडलं नाही. मीही नाही.

दवाखान्यात मायने वीट पडली म्हणून सांगितलं. तीन बोटं वाकडी जुळली, थापी पुन्हा त्यांत बसली नाही. माझी परीक्षा होईपर्यंत ती डाव्या हाताने भाकरी थापत राहिली. फोन कुणी केला हे तिने कधी विचारलं नाही.

मला चांगले मार्क पडले. विष्णुपुरीला सिव्हिल इंजिनिअरिंग केलं, नांदेडला नोकरी लागली, लग्न झालं. नवऱ्याचा पगार वाढला तसे सासरे हसत हसत म्हणाले, "आता गरज काय?" दुसऱ्या लेकराच्या वेळी मी नोकरी सोडली. कुणी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. आमच्या गल्लीत प्रत्येक घरात एक डिग्रीवाली बाई आहे आणि कामाला जातात त्या फक्त आमची भांडी घासणाऱ्या.

बाप गेल्यावर माय माझ्याकडे राहायला आली. मागच्या उन्हाळ्यात एक मुलगी सरकारी पाहणीचा फॉर्म घेऊन आली. शिक्षण विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाली, "मागच्या आठवड्यात काही काम केलं का? शोधलं का?"

"नाही."

"मग घरकाम लिहू?"

मी मान डोलावली. माय सोप्यात बसली होती. ती उठली, माझ्यासमोर आली आणि त्या मुलीदेखत माझ्या थोबाडीत मारली. मी चाळिशीची बाई, दोन लेकरांची आई. मार लागला नाही. त्या हातात जोरच उरलेला नाही.

"माजा हात त्यानं मोडला," माय म्हणाली. "तुजा कुनी मोडला?"

मुलगी खाली बघत पेन धरून बसली होती. मी तिला म्हणाले, "लिहा, घरकाम."