पाणबुड्याचा टोप विकणे आहे

लढाई संपली आणि आमच्या भागातले जवान घरी येऊ लागले. कुणी जाड कोट आणला, कुणी बूट आणले, कुणी नुसतीच चहाची सवय आणली. आमचे हे आले ते बैलगाडीभर सामान घेऊन. कराडच्या स्टेशनावरून गाडी निघाली तेव्हाच ह्यांनी तोफ आणल्याची बातमी गावात पोचली होती. वेशीवर गाडी आली तेव्हा अर्धं गाव तिच्यामागे चालत होतं.

तोफ नव्हती. पाणबुड्याचं सामान होतं. तांब्याचा घागरीएवढा टोप, त्याला पुढे आणि बाजूंना काचेच्या खिडक्या. रबरी कापडाचा अंगरखा, पायापासून गळ्यापर्यंत अखंड, गुडघ्यावर ठिगळ लावलेला. शिशाच्या तळाचे बूट, एकेक उचलायला माणूस वाकावा असे. शिवाय लाकडी पेटीतला हवेचा पंप. दोन गड्यांनी त्याची चाकं फिरवायची, की लांब नळीतून पाण्यातल्या माणसाला वारा मिळतो. लढाईत ह्यांना मुंबईच्या गोदीत हेच काम शिकवलं होतं. बुडालेल्या होडीला साखळी बांध, अडकलेला नांगर सोडव. पुढे सरकारनं जुनं सामान लिलावात काढलं, तेव्हा शहाण्या माणसांनी तंबू घेतले, पत्र्याचे डबे घेतले. ह्यांनी स्वतः अंगावर घातलेलाच पोशाख विकत घेतला.

सासूबाईंनी टोपाला सगळ्या बाजूंनी न्याहाळलं आणि म्हणाल्या, "ह्याला डोळं हायती, तोंड न्हाई. ब्येस हाय, घरात नांदंल."

हा टोमणा मला होता. मी साताऱ्याची, सात इयत्ता शिकलेली आणि तोंडाची फटकळ. लग्न होऊन सासरी आले, हळद पुरती उतरली नाही तोच हे लढाईवर गेले. मग मी रोज पोस्टमन येण्याच्या वेळी दाराशी बसायची. शेजारची माझ्याच वयाची सूनही तिच्या दाराशी बसायची. एके दिवशी तिच्याकडे तार आली, त्यानंतर ती दाराशी बसली नाही. मी मात्र बसत राहिले, आणि पोस्टमन पुढच्या घराकडे वळला की मला हायसं वाटायचं आणि त्या हायशाची लाजही वाटायची.

म्हणून एकदा जेवताना हे सहज म्हणाले, की गोदीत अजून पाणबुडे लागतात म्हणे, तेव्हा माझी भाकरी तव्यावरच करपली. मी मनात ठरवून टाकलं, की हे सामान घरातून गेलं पाहिजे. सामान गेलं की माणूस राहील.

विकायचं तर गिऱ्हाईक हवं. मी कासाराला सांगितलं. बांगड्या भरणाऱ्याला एक गोष्ट सांगितली की गावोगाव दवंडी पिटायची गरज उरत नाही. ह्यांनाही विचारलं. "इक की, माजं काय जातंय," म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. इतक्या लवकर होकार मिळाला तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

पहिला आला तांबट. त्यानं टोप बोटानं वाजवून पाहिला, कान लावून ऐकला आणि म्हणाला, तांबं अस्सल आहे, ह्यात दोन बंब निघतील. ह्यांचा चेहरा असा झाला, की जणू कुणी घरच्या बैलाचं कातडं मागितलं आहे. टोप खारट पाण्यातला आहे, ह्याच्या बंबातलं पाणी अंगाला खाजेल, असं ह्यांनी त्याला समजावून दिलं. तांबट बिचारा चहा पिऊन गेला.

मग सांगलीहून एक नाटक मंडळी आली. त्यांना राक्षसासाठी टोप हवा होता. त्यांच्या राक्षसानं तो आमच्या ओसरीवरच डोक्यात घातला आणि मोठ्या आवेशानं भाषण सुरू केलं. बाहेर काहीच ऐकू येईना. आत आरोळ्या चालल्या असाव्यात, कारण काचेवर वाफ धरली. मंडळीचे मालक म्हणाले, मुका राक्षस तिकिटं खपवणार नाही. तरी ते घ्यायला तयार होते, पण ह्यांनीच त्यांना दहादा सांगितलं, की मान दुखेल, राक्षस आजारी पडेल.

तिसरा नदीपलीकडचा एक बागायतदार. त्याला विहिरीतला गाळ काढायला हे सगळं हवं होतं. गिऱ्हाईक खरं होतं. त्यानं गुडघ्यावरचं ठिगळ पाहिलं आणि विचारलं, की ह्याच्या आधी हे ज्यानं घातलं होतं त्याचं काय झालं? मेलेल्याच्या अंगावरचं कापड आमच्याकडे कोण घेईल?

हे तोंड गंभीर करून म्हणाले, "काय की. सांगाय परत आला न्हाई."

बागायतदारानं अंगरख्यावरचा हात असा काढला, की जणू पोळला. मी दाराआडून ऐकत होते. ह्याच्या आधी तो पोशाख घालणारा माणूस समोर मांडी घालून सुपारी कातरत बसला होता! ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ पाहिले, पण हे तर ताक विकायला बसून भांडं लपवत होते.

पुढे खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातली अवजारं धुऊन पुजायची. नांगर, कुळव, विळे, कुऱ्हाड ओळीनं मांडली होती. मी झेंडूच्या माळा घेऊन बाहेर आले तर ओळीच्या शेवटी टोप! चिंचेनं घासून लखलखीत केलेला. सासूबाईंनी काही न विचारता त्यालाही हळदकुंकू लावलं. ज्याच्या जिवावर पोट भरायचं त्याचीच त्या दिवशी पूजा होते. टोप तिथे कुणी ठेवला हे मी विचारलं नाही.

आणि मग ठेकेदार आला. सांगलीकडचा, गोरापान, छत्रीवाला. नदीवर इंजिन बसवून उसाला पाणी चढवायचं काम त्यानं घेतलं होतं. पाण्याखाली धोंडे अडकले होते, पाया पुरा होईना. त्यानं सामान पाहिलं, ठिगळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि म्हणाला, चालवून दाखवा, आजच घेऊन जातो.

ह्यांनी शेवटचा पत्ता टाकला. म्हणाले, दाखवता येणार नाही, दोर धरायला माणूस नाही. पाण्यात उतरणाऱ्याच्या कमरेला दोर असतो, त्यावर हिसके देऊन वरच्याशी बोलायचं. एक हिसका म्हणजे ठीक आहे, लागोपाठ हिसके म्हणजे वर ओढ. आणि गोदीतला ह्यांचा उस्ताद सांगायचा, की पंप कुणीही फिरवो, दोर धरायचा तो बायकोच्या भावानं. बहिणीचं कुंकू त्याच्या मुठीत असतं, त्याला डुलकी लागत नाही.

मला भाऊ नाही. आम्ही सगळ्या बहिणी. ठेकेदार छत्री उचलायला लागला.

मी पदर सावरून बाहेर आले आणि म्हणाले, दोर मी धरते. परक्या पुरुषासमोर सून बोलली होती. हे सासूबाईंकडे पाहू लागले, त्यांनी नको म्हणावं म्हणून. सासूबाईंनी तंबाखूची चिमूट दाढेला धरली.

"भाव कशाला पायजे? कुकू तर हिचंच हाय. धर गं."

आमच्या मोटेच्या विहिरीला तेव्हा भरपूर पाणी होतं. ह्यांना पोशाख चढवला, टोप फिरवून बसवला, पेच आवळले. खिडकीतून हे माझ्याकडे पाहत होते आणि मला त्यांचं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. गड्यांनी पंप धरला, आणि हे पायऱ्या उतरून पाण्याखाली गेले. वर नुसते बुडबुडे उरले.

थोड्या वेळानं खालून बादलीच्या दोराला एकेक वस्तू बांधून येऊ लागली. मोटेचं तुटलेलं लोखंडी कडं, पोचे पडलेली कळशी, मग आणखी एक कळशी. काठावरच्या बायकांत ती कुणाची यावरून जुंपली. ठेकेदार खूश. म्हणाला, पुरे, घ्या वर.

वर या म्हणून मी लागोपाठ हिसके दिले. खालून उत्तर आलं, एक हिसका. ठीक आहे. पुन्हा दिले. ठीक आहे. बुडबुडे विहिरीच्या एका कडेनं सावकाश निघाले, गोल फिरून परत आले, पुन्हा निघाले. काम संपलं होतं. हे नुसते हिंडत होते. बाजारात पोरगं हिंडतं तसे. मला राग आला, आणि त्या पाण्याचा हेवा वाटला. घरी आल्यापासून हे इतके रमलेले मी एकदाही पाहिले नव्हते, आणि आता तर दिसतही नव्हते, फक्त हाताला कळत होतं.

शेवटी वर आले. टोप काढला तर घामानं भिजलेले, आणि हसत होते.

ठेकेदार म्हणाला, सामान पसंत. पण सामानाबरोबर मालकही पाहिजेत, हे घालून उतरणारा माझ्याकडे कोण आहे? नदीचं काम होईल, पुढे दुसरीकडचं निघेल.

इतके दिवस गिऱ्हाईकं शोधली, पण एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. सामान विकायला काढून मी माणूसच बाजारात मांडला होता.

हे टोप पुसत राहिले. मान वर न करता म्हणाले, "तू म्हनशील तसं." आणि मला ठाऊक होतं, की नको म्हटलं तर हे खरंच राहतील, बांधावर बसून जन्म काढतील आणि मला कधी बोल लावणार नाहीत. रडू येत होतं, तरी मी ठेकेदाराला म्हणाले,

"सामानही विकायचं नाही आणि माणूसही नाही. दोन्ही कामापुरती मिळतील. दोर मात्र मीच धरणार."

ठेकेदार म्हणाला, की नदीवर बाईमाणूस कसं? सासूबाई म्हणाल्या, की मग धोंडे तुम्हीच काढा. त्यानं कबूल केलं.

तो गेल्यावर ह्यांनी बूट सोडता सोडता विचारलं, "भ्या न्हाई वाटलं?"

"वाटलं," मी म्हणाले. "लढाईतही वाटायचं. तेव्हा हातात काही नव्हतं."