टोपलीचा टॅक्स

मागच्या महिन्यात नगर निगमची एक मुलगी घरी आली होती. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल. आंटी, ओल्या कचऱ्याचं काय करता, गच्चीवर सोलर आहे का, असं विचारत होती. असलं काही केलं तर म्हणे घरटॅक्समध्ये सूट मिळते. मी तिला मागच्या अंगणातला खताचा खड्डा दाखवला. ती खूश झाली. ‘‘आंटी, आप तो बहुत मॉडर्न निकलीं,’’ म्हणाली आणि फोटो काढून घेऊन गेली.

हल्ली पेपरात पण तेच असतं. शहराच्या घाणीपासून गॅस करणारे कारखाने, त्यात पैसा घालणाऱ्या कंपन्या, निळ्या ज्योतीशेजारी हसत उभे असलेले साहेब. चांगलंच आहे. मला त्यात खोट काढायची नाही. पण तो फोटो दिसला की मी पान उलटते. का उलटते ते आज लिहून टाकते.

माझं माहेर म्हणजे शहराच्या कडेची एक वाडी. पुढे बाबांचा केळीचा मळा आणि त्याच्या पलीकडे तापी. नगरपालिकेने हद्द वाढवली आणि एका सकाळी आम्ही उठलो ते शहरवासी होऊन. नळ नाही, दिवा नाही, पण टॅक्सचं बिल आलं. त्यात घराचा टॅक्स वेगळा आणि सफाईचा वेगळा. सफाईच्या टॅक्सला आमच्या वाडीत सगळे टोपलीचा टॅक्स म्हणायचे, कारण शहरात आलो म्हणून आता शेतात जायचं नाही, घरामागे टोपलीचा संडास बांधायचा, असा हुकूम होता. तसा तो बांधला. मागून पत्र्याची झडप. सकाळी एक बाई यायची, झडप उघडायची, टोपली भरायची आणि डोक्यावर घेऊन नाल्याकडे जायची. तेवढा वेळ आम्ही तोंड फिरवून बसायचो. माय तिला वरून भाकरी टाकायची. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही, आणि मी तेव्हा कॉलेजात नागरिकशास्त्र शिकत होते.

बाबांना मात्र ते सोसेना. ते चौथी शिकलेले, बोलायला कमी. ‘‘आपलं दुसऱ्याच्या डोक्यावर कशाला?’’ एवढं एकदा म्हणाले, आणि त्या उन्हाळ्यात त्यांनी गोठ्यामागे विहिरीसारखा खोल खड्डा खणून गोबरगॅस बसवला. दोन म्हशी, एक गाय, एवढ्या शेणाने भागणार नव्हतं. मग त्यांनी संडासाची नळीही त्याच खड्ड्याला जोडली. वरचं लोखंडी टोपण गॅस भरला की वर चढायचं आणि स्वयंपाक झाला की खाली बसायचं. बाबा येता-जाता त्याच्याकडे पाहायचे, जसं कुणी वाफ्यातल्या रोपाकडे पाहतं.

गॅस झकास पेटला. चूल फुंकून लाल झालेले मायचे डोळे निवळले. पण आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाव्हण्याचा नेमका त्याच दिवशी उपास निघायला लागला. दापोऱ्याची आत्या यायची तर तिचा चहासुद्धा न चालणारा उपास असायचा. खड्ड्यातनं निघणारं काळं खत विकायचं बाबांच्या मनात होतं. ते खत घातलेल्या आमच्या केळीच्या घडांचं वजन बघून लोक चकित व्हायचे, पण खत न्यायला कुणी यायचं नाही. एका व्यापाऱ्याने तर लिलावात सगळ्यांसमोर बाबांचा घड नाकाला लावून हुंगला होता. लोक हसले. बाबांनी घड परत गाडीत ठेवला.

मायने देवाच्या नैवेद्यापुरती अंगणात चूल ठेवली होती. बाकी सगळं गॅसवर. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे हेच महत्त्वाचं ठरलं.

बाबांचं म्हणणं साधं होतं. आमच्या घरची टोपली भरतच नाही, उचलायला कुणी येत नाही, मग उचलायचा टॅक्स कशाचा? आमचं राज्य हिंदीचं, नगरपालिकेत अर्ज करायचा तर हिंदीत पाहिजे. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. मोठ्या ऐटीत मी तो अर्ज लिहिला. त्यात एक वाक्य असं टाकलं की घर का सारा भोजन इसी गैस पर बनता है. बाबांना ते इतकं आवडलं की त्यांनी मला ते दोनदा वाचायला लावलं. अर्ज गेला. बाबा फेऱ्या मारत राहिले. तिथले बाबूलोक त्यांना ‘गॅसवाले पटेल’ म्हणायला लागले.

त्याच सुमारास मला पाहायला मंडळी येणार असं ठरलं. मुलगा नेपानगरला नोकरीला, बी.कॉम., शिकलेलीच मुलगी पाहिजे म्हणणारा. आधीची दोन स्थळं आमच्याकडे न जेवताच परत गेली होती आणि नंतर निरोपही आला नव्हता. का, ते सगळ्यांना माहीत होतं. मायला या स्थळाची फार आशा होती. खरं सांगायचं तर मलाही होती.

मुलगा, त्याची आई आणि मामा असे तिघं आले. मामांना पाहिलं आणि बाबांचा चेहरा उजळला. मामा नगरपालिकेत टॅक्सच्या टेबलावर बसायचे आणि बाबांचा अर्ज त्यांच्याच पुढ्यात पडला होता. बाबांना वाटलं, घरचाच माणूस निघाला.

मी चहाचा ट्रे घेऊन आले. मामांनी कप उचलला, ओठांपर्यंत नेला आणि थांबले. गालात हसून म्हणाले, ‘‘का हो पटेल, हा तुमच्या त्या गॅसवरचा का?’’

‘‘हो मग,’’ बाबा म्हणाले. ‘‘अर्जात लिहिलंच आहे ना. सारं घर त्याच्यावरच चालतं.’’

मामांनी कप बशीत ठेवला. मुलाच्या आईने तर हातात घेतलेलाही नव्हता, तिने पदर नाकाशी नेला. मुलगा आपल्या कपाकडे पाहत राहिला. बाबा मात्र उत्साहाने सांगत सुटले, टोपण कसं चढतं, वास कसा अजिबात येत नाही, ज्योत कशी निळी असते. कुणी ऐकत नव्हतं. चहावर साय धरायला लागली होती. मी ट्रे धरून उभी होते आणि मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

मला एक गोष्ट माहीत होती जी बाबांना माहीत नव्हती. सकाळीच माय शेजारच्या काकूंकडे दूध-साखर देऊन आली होती. आमच्या अंगणातली चूल पेटवली असती तर बाबांना दिसलं असतं, म्हणून चहा, पोहे, सगळं त्यांच्या चुलीवर होऊन मागच्या दाराने आलं होतं. मी माजघराच्या दाराकडे पाहिलं. माय उंबऱ्यावर उभी होती आणि मला डोळ्यांनी खुणावत होती, सांग. मी सांगितलं नाही. बाबांसाठी गप्प राहिले असं म्हणायला मला आवडलं असतं. पण तोंड उघडलं नाही एवढंच खरं.

मग मायच पुढे आली. पाव्हण्यांसमोर ती कधी बोलायची नाही. त्या दिवशी डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, ‘‘प्या तुम्ही बिनघोर. चहा शेजारच्यांकडे केलाय, चुलीवर. पोहे पण.’’

बाबा बोलता बोलता थांबले.

मामा हसायला लागले. वाईट माणूस नव्हते ते. पुढे लग्न झाल्यावर त्यांनी माझे लाडच केले. पण त्या क्षणी त्यांना राहवलं नाही. ‘‘म्हणजे पटेल, सारा भोजन वगैरे अर्जातलं खोटंच की,’’ म्हणाले. आणि माझ्याकडे वळून, ‘‘अक्षर मात्र सुरेख आहे हो मुलीचं. ते आम्ही आधीच पसंत केलं होतं.’’

सगळे हसले. मुलाच्या आईने कप उचलला. पोहे संपले. जाताना त्यांनी पसंती सांगितली आणि मायने माझ्या हातावर साखर ठेवली. माझा जीव भांड्यात पडला होता. बाबा खोटे ठरले त्याच क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि तसं वाटलं हे मला कळतही होतं. आज एवढा संसार झाला, मुलं-नातवंडं झाली, नवरा भला आहे, त्याने त्या चहाचा विषय कधी काढला नाही. तरी कुणी हातावर साखर ठेवली की मला तीच साखर आठवते.

दुसऱ्या दिवशी बाबा नगरपालिकेत गेले आणि टोपलीचा टॅक्स भरून आले. अर्जाचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही. मामांनी काही म्हटलं नव्हतं, कुणी टॅक्स मागितलाही नव्हता. पण मुलीच्या सासरचा माणूस त्या टेबलावर बसणार, तर आपला अर्ज तिथे पडलेला नको, असं त्यांना वाटलं असावं. मी विचारलं नाही. टोपली उचलणारी ती बाई मात्र पुन्हा आली नाही, बाबांनी ती झडप विटांनी बुजवून टाकलेलीच होती. टॅक्स भरत राहिले आणि गॅसही चालवत राहिले.

पण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही ती त्या संध्याकाळची गोष्ट. मंडळींना रस्त्यापर्यंत पोचवून बाबा परत आले. त्यांचा स्वतःचा कप तसाच होता, बोलण्याच्या नादात प्यायचा राहिलेला. तो त्यांनी उचलला, मोरीत ओतला, विसळला. मग स्वयंपाकघरात गेले. माय भिंतीला टेकून बसली होती, मी दारात. आम्हा दोघींकडे न बघता त्यांनी काडी ओढली, गॅस पेटवला आणि चहाचं आधण ठेवलं. एरवी ते चहा ठेवायचे तेव्हा आधी विचारायचे, घेणार का गं दोघी.

त्या दिवशी त्यांनी पातेल्यात एकच कप पाणी मोजून टाकलं.