नाकावर चालणारी खानावळ

चेन्नईत सैदापेटच्या अंबुजाअक्कांचा आम्हा पोरांवर विश्वास नव्हता, आणि आमचाही त्यांच्या सांबारावर फारसा उरला नव्हता. अक्का तंजावरी मराठी. नवरा गेल्यावर श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांत जाणाऱ्या आमच्यासारख्यांना जेवू घालून घर चालवायच्या. नैवेद्याआधी चाखायचं नाही, हा त्यांच्या घरचा नेम. मीठसुद्धा म्हणे वासावर कळायचं. पण पावसाळ्यात ताप येऊन गेला आणि तेव्हापासून कॉफी धुरकट, तूप खवट. आमच्यातल्या उपेंद्रनं खानावळ बदललीसुद्धा. मी वाशीमच्या वसतिगृहात वाढलेला, मला काहीही गिळता येतं.

तशात एका रविवारी देविका आली. मानसशास्त्राची विद्यार्थिनी. रोजच्या बोलण्यातला एखादा शब्द ऐकला की रंग, आवाज, स्पर्श, वास यातलं काय किती जाणवतं, त्याला पाचपैकी गुण द्यायचे, एवढंच तिला हवं होतं. अक्कांनी मला आत ओढलं. शब्दाचा वास विचारायला कुणी उन्हातून येतं का? हिला उपेंद्रनंच धाडलंय. मला पलीकडच्या गल्लीतल्या मेसवाल्याचा संशय होता.

तरी अक्का बसल्या. नाही म्हटलं असतं तर आणखी वाईट दिसलं असतं. घंटेला आवाज पाच. रेशमाला स्पर्श पाच. हिंग आला आणि त्या ताठ झाल्या.

"पेरुंगायम म्हण. वास पाच. पाचाच्या वर असेल तर तेही लिही."

मोगरा पाच, कापूर पाच, खुर्चीलाही वासाचे तीन. देविका खूश. एवढं तिखट नाक तिला अजून कुणाचं भेटलं नव्हतं.

चाफ्याला पाच देताना आत दूध करपायला लागलं होतं. देविकानं नाक मुरडून माझ्याकडे पाहिलं. अक्का पुढच्या शब्दाची वाट पाहत निवांत. पाणी आणतो म्हणून मी उठलो आणि गॅस बंद केला.

ती गेल्यावर अक्कांनी काळं पातेलं नाकाशी धरून पाहिलं आणि खाली ठेवलं.

"पोरांना सांगशील?"

"नाही, अक्का."

"मग तुज काय पाहिजे?"

काही नको म्हटलं, ते त्यांना मुळीच पटलं नाही.

सकाळी कंपनीची बस यायच्या आत त्यांनी सांबाराचं पातेलं माझ्या नाकाखाली धरलं.

"मीठ बरोबर आहे काय? चाखू नको. हुंग."

मिठाला वास असतो की नाही हे मला आजही माहीत नाही. बरोबर आहे, म्हणालो. अक्कांनी माझं तोंड नीट न्याहाळलं, नैवेद्य दाखवला, पहिलं ताट मला वाढलं, आणि माझा घास घशाखाली उतरेपर्यंत डाव हातातच धरून ठेवला.