न्हाणीच्या पाण्यावरचा मोगरा

ठाण्याच्या कचेरीत मी नकाशे काढत असे, तेव्हा एक आमच्या परसाचाही काढला. बायको रोज विहिरीवरून घागरी भरभरून झाडांना घाली, ते मला बघवेना. मग न्हाणीघरापासून पाट खणून मी आंघोळीचं पाणी केळीला, अळूला आणि शेवटी मोगऱ्याच्या आळ्यात नेलं. आता कुणाला घागर उचलायला नको, या ऐटीत मी होतो.

मोगरा फुलला. परसातली कळी न् कळी आजवर देवाकडे जात असे. आई परडी घेऊन आली आणि पाट बघून थबकली. "अंग धुतलेल्या पाण्यावरची फुलं देवाला? अरे, एवढा शिकलास तो कशाला!"

चूक कळली की मी चिडतो. कुदळ घेऊन पाट बुजवायला निघालो, तर बायको आडवी आली. एरवी आईसमोर ती माझ्याशी चकार शब्द बोलत नसे.

"राहू द्या," ती हळूच म्हणाली. "देवाला विहिरीकाठची तगर आहे."

दुसऱ्या दिवशी तिच्या अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा होता. लग्नाला सात वर्षं झाली होती. आमच्या परसातलं फूल तिच्या केसांत मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.