प्लास्टिकची डोकी

काल लीड्समध्ये केस धुताना सलूनमधल्या मुलीने माझ्या डोक्यावर कढत पाणी सोडलं. मी ओरडले, तर तीच दचकली.

वीसेक वर्षांपूर्वी मी कॉलेजात हेअरड्रेसिंग शिकवायचे. तीन गावांची कॉलेजं एक झाली आणि गावातल्या म्हाताऱ्या मुलींकडून स्वस्तात केस करून घ्यायच्या ते आमचं कॉलेजातलं सलून दुसऱ्या गावी हलवायचं ठरलं. नवे प्रिन्सिपल सांगायला आले, तेव्हा खोलीभर केस कुरळे करायच्या पर्मच्या औषधाचा उग्र वास होता.

"आमच्या म्हाताऱ्या तिथवर येणार नाहीत. मुली शिकणार कोणाच्या डोक्यावर?" मी वैतागून विचारलं.

"तिकडे प्लास्टिकची डोकी आहेत."

केसांना रोलर लावून बसलेल्या डोरीनबाई आरशातूनच म्हणाल्या, "प्लास्टिकचं डोकं भाजलं तरी ओरडत नाही, बाळा."

सगळे हसले. प्रिन्सिपल सर्वांत मोठ्याने.

हसले म्हणजे पटलं, असं मी तेव्हा समजले. उन्हाळ्यात सलून हललंच.