मासळीबाजारातली बालवाडी

होळी नावाच्या आमच्या वस्तीतल्या बालवाडीच्या मुख्य फ्लॉसीबाई आणि मी त्यांची मदतनीस. बाईंचा आवाज खणखणीत. रडणारं पोर दिसलं की आधी त्याचं नाक पुसणार, मग नाव विचारणार. अठ्ठ्याण्णव साली आसपास गोवराची साथ येऊन गेली, तेव्हा बालवाडी चालवणाऱ्या मंडळानं ठरवलं, लसीचं कार्ड नसेल तर प्रवेश नाही. बाईंनी लगेच होकार दिला. त्यांची धाकटी बहीण लहानपणी गोवरानंच गेली होती.

पुढच्या जूनमध्ये मनोरमा आली. पाचूबंदरची, आमच्या जवळच्या बाजारात मासळी विकायला बसायची. बरोबर लहानगी उन्नती. तिला एकही लस टोचलेली नव्हती.

“माज्या मोठ्याला टोचलं न् ताप चढून झटके आले,” मनोरमा म्हणाली. “आता परत कोनाला टोचायची नाय मी.”

बाई म्हणाल्या, “इथल्या पोरांच्या घरी अजून लस न झालेली तान्ही भावंडं आहेत गं. मी हिला आत नाही घेऊ शकत.”

मनोरमा पोरीला घेऊन निघाली. उन्नती मात्र वळून वळून आतल्या झोक्याकडे बघत होती. बाईंनी त्या दिवशी डबा उघडलाच नाही. “नियम चुकीचा नाही,” त्या मला म्हणाल्या, “पण आई घाबरली, त्यात पोरीचा काय दोष?”

दुसऱ्या दिवशी बालवाडी सुटल्यावर त्या पाटी घेऊन थेट मासळीबाजारात गेल्या. मनोरमाच्या टोपलीशेजारी बसून उन्नतीला अक्षरं गिरवायला शिकवू लागल्या. मग ते रोजचंच झालं. मंडळाचे फ्रेडरिकसाहेब एकदा तिथं आले आणि बघतच राहिले.

“बाई, शोभतं का हे?”

“साडीला वास येतो, एवढं सोडलं तर छान चाललंय,” बाई म्हणाल्या.

लसीचा विषय त्यांनी काढला नाही. शेवटी मनोरमानंच विचारलं, “तुमी सुईचं कायच बोलत नाय?”

“बोलले तर तू बाजारातली बसायची जागाच बदलशील म्हणून.”

मनोरमा हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. झटके आलेल्या थोरल्या कृष्णाला छातीशी धरून ती रिक्षा शोधत धावली होती. पोर गेलंच, असं तिला वाटलं होतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग आपल्या बहिणीचं सांगितलं.

“तुमी संगती याल?” मनोरमानं विचारलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी कृष्णाची हकीकत नीट ऐकली, काळजी काय घ्यायची ते समजावलं आणि टोचल्यावर बराच वेळ बसवून ठेवलं. उन्नती बाईंच्या मांडीवर होती. संध्याकाळी अंग जरा कोमट लागलं, सकाळी पोरगी धक्क्यावर हुंदडत होती. काही दिवसांनी ती आमच्याकडे येऊ लागली आणि झोका सोडेना.

“बघा, नियम कामाला आला,” फ्रेडरिकसाहेब म्हणाले.

“नियमानं तर तिला दारातून परत पाठवलं होतं, साहेब.”

बाईंनी मंडळाला ऐकायला लावलं: नियम राहील, पण कार्ड नसलेल्या मुलाच्या घरी आधी आम्ही जाऊ. निवृत्त होईपर्यंत त्या जात राहिल्या. बहुतेक आया तयार झाल्या. एक घर मात्र कधीच तयार झालं नाही. तिथल्या पोरीला बाईंनी तिच्याच अंगणात वर्षभर शिकवलं.