खाकी ड्रेसचे खिसे

फूटभर उंचीचा फायरमन माझ्या टेबलावर दोन्ही हात पसरून उभा होता. हात काही केल्या खाली येत नव्हते. त्याची ऑर्डर देणारी प्राजक्ता समोर बसून त्याच्याकडे बघत होती.

“पप्पा असे दिसायचे नाहीत,” ती हळूच म्हणाली.

तिचं बरोबर होतं. रजई गुंडाळल्यासारखा दिसत होता तो.

मी ॲक्शन फिगरचे, म्हणजे हातपाय वाकणाऱ्या प्लॅस्टिकच्या छोट्या पुतळ्यांचे कपडे शिवते. हल्लीच्या बऱ्याच फिगरवर कपडे प्लॅस्टिकमध्येच घडवलेले असतात. माझं काम जुन्या पद्धतीचं. खरा शर्ट, खरी पँट, घालता-काढता येईल अशी, बारीक टिचबटणं लावलेली. आधी वाळूजला एका गारमेंट कंपनीत सॅम्पल शिवायचे. ती बंद पडल्यावर घरातच हे सुरू केलं.

प्राजक्ता नोकरीसाठी जर्मनीला निघाली होती. आई नाही, वडील फायर ब्रिगेडमधून रिटायर झालेले. त्यांना एकटं ठेवून जाणं तिच्या जिवावर आलं होतं. फोटो मोबाइलमध्ये होतेच. तिला टेबलावर उभे राहणारे पप्पा हवे होते, खाकी ड्रेसमधले.

मी कापडही खऱ्या युनिफॉर्मचंच घेतलं होतं, ड्रिल. त्याच्या विणीत तिरप्या रेघा असतात. माणसाच्या अंगावर त्या जाणवत नाहीत. पण फिगर माणसाच्या एक षष्ठांश, तिच्यावर तीच रेघ दोरीसारखी दिसते. शिवण दुमडली की जाडी वाढते आणि कोपर वाकत नाही.

मग गुलमंडीतली दुकानं पालथी घातली. पातळ खाकी मिळालं, पण पॉलिस्टरचं, चकाकणारं. जुन्या ड्रेसला ती चमक चालत नाही. एक सुती मिळालं, त्याचा रंग कच्चा निघाला. ओलं करून प्लॅस्टिकच्या सुट्या हाताला गुंडाळलं आणि उन्हात ठेवलं, तर हात पिवळा पडला. असा डाग मग निघत नाही.

जायचे दिवस जवळ आले. शेवटी मी प्राजक्ताला फोन करून सांगितलं, की हे जमेलसं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी तिचे वडीलच आले, गायकवाड काका. मागे प्राजक्ता, चेहरा उतरलेला. काकांनी पिशवीतून इस्त्री केलेला ड्रेस काढला. नोकरीतला शेवटचा, एवढाच जपलेला.

“ताई, याची बाही कापा. लई धुतलंय, मऊ पडलंय.”

प्राजक्ता नको म्हणाली. कपाटात लटकवून काय करायचंय, असं काकांचं म्हणणं. ड्रेस कापला तर फिगर नेणारच नाही, असं तिचं. दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

मी शर्ट चाचपला. मऊ झालं तरी ते ड्रिलच होतं, बाही कापून उपयोग नव्हता. पँट उचलली आणि सवयीनं खिशात हात घातला. आतलं अस्तर पातळ, सुती, घट्ट विणीचं. ओढून बघितलं, ताणलं गेलं नाही. इतके दिवस मी हेच शोधत होते.

“काका, खिसे दिले तर चालतील? बाहेरून ड्रेसला धक्का लागणार नाही.”

काकांनी थोडा विचार केला. “घ्या की. आता त्यात ठेवणार काय?”

प्राजक्ता त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

अस्तर पांढरं होतं. चहाच्या पाण्यात गंजका खिळा टाकून रंगवलं, तर खाकी झालं. सुट्या हातावर उन्हात तपासलं, डाग नाही. शिवण एकेरी ठेवली.

ड्रेस तयार झाल्यावर काकांनी तो स्वतः फिगरला घातला. बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. हात वर करून सॅल्यूट ठोकायला लावला, मग खाली घेतला. हात सरळ खाली आला.

“व्हय, हा मीच,” काका म्हणाले.

प्राजक्ता दारात जाऊन पाठमोरी उभी राहिली.

ती गेल्यावर काही दिवसांनी काका पुन्हा आले. एकटं वाटत असेल, म्हणून मी चहा ठेवला. त्यांनी पिशवी पुढे केली. रिटायर झालेल्या दोस्तांकडे जाऊन त्यांच्या जुन्या पँटींचे खिसे उसवून आणले होते, धुऊन, घड्या घालून. मी मागितलेही नव्हते.

“आमच्या पोरीचं काम केलं तुम्ही. अजून कुणाकुणाचं करा.”

त्या पिशवीतून पुढे कितीतरी सैनिक, गिर्यारोहक, वैमानिक कपडे घालून बाहेर पडले. प्रत्येक वेळी काकांची आठवण येते. आभार मानले की ते म्हणतात, चहा टाका.

एवढ्या वर्षांच्या शिवणकामानंतर एक गोष्ट कळली. या कामाचं सगळ्यात चांगलं कापड दुकानात मिळत नाही. ते आधी कुणीतरी वापरून झिजवावं लागतं, आणि मग आपल्याला द्यावंसं वाटावं लागतं.